कोंबड्यांवरील लाल कोळी : उपचार कोंबडीवर कमी, खुराड्यावर जास्त

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कां-कू करतात. गोठ्याच्या वाशावर नाहीतर अंगणातल्या झाडावर जाऊन बसतात. अंडी कमी झाली आहेत, लालभडक तुरा फिकट पडला आहे आणि अंडी गोळा करून आल्यावर तुमच्याच मनगटाला खाज सुटते. ही लक्षणे एकत्र दिसली, तर खाद्य बदलण्याआधी किंवा मानमोडीची शंका घेण्याआधी एक काम करा. रात्री दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन खुराड्यात डोकवा.

मी मुळात पिकांचा माणूस. काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातल्या एका वाडीत भातावरचा करपा बघायला गेलो होतो. निघताना घरातल्या मावशींनी थांबवले. बारा अंड्यांवर बसवलेली त्यांची खुडूक कोंबडी चौदाव्या दिवशी उठली, ती परत बसेना. त्याआधीच्या कोंबडीनेही असेच केले होते. साप येत असेल असे घरच्यांना वाटत होते. मी पाटीतल्या भाताच्या काडात हात घातला, तर मिनिटभरात हातावर बारीक काहीतरी वळवळू लागले. रोग ओळखला तो बरोबर, सल्ला मात्र चुकीचा दिला. कोंबड्यांच्या अंगावर भुकटी लावा म्हणालो आणि निघालो. दहा-बारा दिवसांत त्यांचा फोन आला, पुन्हा तेच. पिकावरच्या किडीसाठी आपण आधी तिचा मुक्काम शोधतो, इथे मी तो शोधलाच नव्हता.

हा कोळी दिवसा कोंबडीवर नसतो. रात्री अंधारात येतो, तास-दीड तास रक्त पितो आणि पुन्हा फटीत जाऊन बसतो. दांडीची टोके, बांबूच्या गाठी, फळ्यांचे सांधे, अंड्यांच्या पाटीचा तळ, कुडाच्या भेगा ही त्याची घरे. तिथेच तो अंडी घालतो, तिथेच त्याची पिले वाढतात. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून दुपारी कोंबडी पकडून पिसे विंचरून पाहिली, तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही आणि आपण निश्चिंत होतो.

नावांचा थोडा गोंधळ आहे, तो आधी सोडवू. गावाकडे सगळ्यालाच उवा किंवा पिसवा म्हणतात. उवा चपट्या, गवती रंगाच्या असतात, रात्रंदिवस कोंबडीच्याच अंगावर राहतात आणि पिसांच्या मुळाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरट पुंजके दिसतात. गोचीड बरीच मोठी असते. तीही भिंतीच्या भेगांत लपते आणि तिच्यापासून कोंबड्यांना ताप आणणारा स्पायरोकीट रोग होतो, म्हणून ती दिसली तर पशुवैद्यकांना लगेच कळवा. लाल कोळी जेमतेम एक मिलीमीटरचा, आठ पायांचा. उपाशी असताना करडा, रक्त प्यायल्यावर लाल. पिकावरच्या लाल कोळ्याचा हा लांबचा भाऊबंद, पण पिकावरचा रस पितो आणि हा रक्त. याशिवाय कोंबडीच्या अंगावरच मुक्काम करणारे कोळीही आहेत. ते शेपटीखाली गुदद्वाराभोवती जमतात, तिथली पिसे काळपट, मळकट आणि चिकटलेली दिसतात. ते दिवसाही सापडतात.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. रात्री पांढरा कागद किंवा जुन्या धोतराचा तुकडा दांडीच्या खालच्या बाजूने घासा. लाल रेघा उमटल्या की समजा. दिवसा पाहायचे असेल तर दांडीच्या टोकांशी राखेसारखी, मीठ-मिरीसारखी करडी घाण साचलेली दिसते. कधी अंड्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके असतात.

अंगावरच्या मोठ्या कोंबडीला हा त्रास सोसवतो, कारण दिवसभर चरून ती काही प्रमाणात भर काढते. पिलांना आणि खुडूक कोंबडीला नाही. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच पाटीत बसते, म्हणजे कोळ्याला ताट वाढूनच ठेवलेले असते. ती उठली की उबवण गेली. पिले तर रक्त कमी होऊन मरतात. परसातल्या पाच-दहा कोंबड्यांवर मुलांच्या अंड्यांची आणि अडीनडीच्या पैशाची सोय असते, तिथे एक उबवण वाया जाणे हा छोटा तोटा नाही.

खुराडे साफ करण्याचा क्रम

सकाळी कोंबड्या सोडल्यावर कामाला लागा, निवांत एक दिवस हाताशी ठेवा. पाणी-खाद्याची भांडी आणि अंडी आधी बाहेर. तूस, पेंढा, पाटीतले काड सगळे गोळा करून दूर नेऊन जाळा. उकिरड्यावर टाकू नका, तिथे कोंबड्या उकरायला जातातच. दांड्या, पाट्या, सुटी होणारी प्रत्येक फळी काढा. कोपरे खरवडून उकळते पाणी फटीफटीत ओता. नुसते शिंपडून भागत नाही. लोखंडी जाळी किंवा दगडी भिंत असेल तर ब्लो लॅम्पची ज्योत फिरवता येते. बांबू, कुड आणि गवताच्या छपराजवळ तो विचारही करू नका.

मग ऊन. पंचेचाळीस अंशांच्या वरची उष्णता या कोळ्याला सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दांड्या आणि पाट्या पत्र्यावर दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवल्या, तर फुकटात मोठे काम होते. कोकण, मावळ पट्ट्यात पावसाळ्यात ही सोय नाही आणि नेमका तेव्हाच कोळी जोरात असतो. तिथे पावसाआधीच ही सफाई उरकलेली बरी.

वाळल्यावर भेगा शेणमातीने किंवा चुना-मातीने लिंपून बुजवा आणि वरून चुन्याचा हात द्या. माझ्या मते अख्ख्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण फट नसली की कोळ्याला घरच उरत नाही. दांडी साल काढलेली, गुळगुळीत हवी. ती भिंतीत खुपसू नका, सुटी काढता येईल अशी ठेवा. टोकांना कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल दर आठवड्याला चोपडा.

औषध फवारायचे असेल तर खुराडे रिकामे असताना, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घेतलेलेच, लेबलवरच्या प्रमाणात. तोंडाला फडके, हातात मोजे. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. बहुतेक औषधांनी कोळ्याची अंडी मरत नाहीत, त्यामुळे सहा-सात दिवसांनी दुसरी फेरी आणि पुढच्या आठवड्यात तिसरी. लोक पहिल्या फेरीनंतर थांबतात आणि औषध भेसळीचे होते म्हणतात.

कोंबड्या महिनाभर दुसरीकडे डालग्याखाली ठेवल्या तर कोळी उपासाने मरेल, असेही काही जण सुचवतात. मरत नाही. थंड, दमट जागी तो काही महिने रक्तावाचून राहू शकतो.

शेतातले औषध कोंबडीवर नको

घराच्या कोपऱ्यात कपाशीची, भाताची, मिरचीची अर्धी उरलेली बाटली असते आणि हात तिकडे जातो. हे टाळा, असे मी हात जोडून सांगतो. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमक्या या लाल कोळ्यासाठी वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. ते वनस्पतीजन्य म्हणून खपवले जात होते. फिप्रोनिल कोंबडीच्या चरबीत साठते आणि तिथून अंड्याच्या बलकात उतरत राहते. लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे भात-उसासाठी दुकानात मिळते. परसातल्या अंड्यांची तपासणी कोणी करत नाही, ती थेट तुमच्या मुलांच्या ताटात जातात.

जुनी माणसे कार्बारिलची भुकटी किंवा डायक्लोरव्हॉस सुचवतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने कार्बारिलवर बंदी आली आणि डायक्लोरव्हॉसचा वापर २०२० अखेर बंद झाला. कुठे जुना डबा असेल तर तो हातात घेऊ नका.

अंगावर राहणाऱ्या कोळ्यासाठी मात्र कोंबडीला भुकटी लावावी लागते. पशुवैद्यकांनी दिलेली भुकटी संध्याकाळी शेपटीखाली आणि पंखांखाली पिसे उलटी करून चोळा. डोळे, चोच सांभाळा. किती दिवस अंडी खायची नाहीत हे औषध घेतानाच विचारा. आयव्हरमेक्टिन स्वतःच्या अंदाजाने पाजू नका. त्याचाही अंश अंड्यात येतो.

राखेत लोळणे ही कोंबडीची स्वतःची पद्धत आहे, तिला मदत करा. कोरड्या जागी उथळ खड्डा, त्यात बारीक माती आणि चाळलेली लाकडाची राख. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नको, आणि राख भिजली की काढून टाका, ओली राख कातडी भाजते. याने उवा-कोळी कमी राहतात. खुराड्यातला प्रादुर्भाव एकट्या राखेने जात नाही.

पायाचे खवले उचललेले, चुन्याचा थर चढल्यासारखे दिसत असतील तर तो तिसराच कोळी, खवल्यांच्या आत राहणारा. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा, पुसून व्हॅसलिन किंवा खोबरेल जाड लावा. आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. खपल्या ओढून काढू नका, रक्त येते. रॉकेलमध्ये पाय बुडवण्याने कातडी जळते, ते बंद करा.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, आणि उसने क्रेट, पाट्या धुऊन उन्हात तापवल्याशिवाय आत घेऊ नका. चिमण्या-पारव्यांची घरटी खुराड्याच्या छपराखाली असतील तर रिकामी झाल्यावर काढा.

पुढे लक्ष ठेवायला मावशींकडे आम्ही पुठ्ठा वापरला. नालीदार पुठ्ठ्याची बोटभर जाड गुंडाळी दांडीच्या खालच्या बाजूला बांधायची. कोळी तिला फट समजून आत शिरतात. दोन-तीन दिवसांनी सकाळी ती पिशवीत घालून सोडवायची, उघडून बघायची आणि जाळून नवी बांधायची. पहिली गुंडाळी आतून लाल-करडी निघाली होती. तिसऱ्या फेरीनंतरच्या दोन गुंडाळ्या कोऱ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी पुन्हा कोंबडी अंड्यांवर बसवली.