पहारेकरी काय पाहतो?

गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तेथे नववीतल्या एका मुलीचा तक्ता मला फार आवडला. विषय होता स्तनाचा कर्करोग. आजीला हा रोग झाला म्हणून तिने तो निवडला होता. "माहिती कुठून जमवलीस?" असे मी विचारले, तेव्हा ती जरा चाचरली. शाळेच्या संगणकावर या विषयाची पाने उघडतच नसत. दर वेळी 'हे पान पाहण्यास मनाई आहे' अशी पाटी येई. शेवटी वर्गातल्या एका मुलाने तिला अडवलेली पाने फुकट उघडून देणारे एक संकेतस्थळ दाखवले. प्रकल्प पुरा झाला. पण त्याच वाटेने तिने एकदा आपली ई-मेलची पेटीही उघडली, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना भलतीसलती पत्रे जाऊ लागली!

ती पत्रे त्या संकेतस्थळामुळेच गेली, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण तशी जाऊ शकतात, हे मात्र नक्की. कशी, ते समजण्यासाठी आधी शाळेच्या फाटकावर बसलेला हा अदृश्य पहारेकरी काय करतो ते पाहिले पाहिजे. त्याला फिल्टर म्हणतात. आपण चाळणी म्हणू.

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट

समजा, शाळेतून बाहेर जाणारे व बाहेरून येणारे प्रत्येक पत्र फाटकावरच्या शिपाईमामांच्या हातातूनच जाते. शाळेतल्या सगळ्या संगणकांचे दळणवळणही असेच एका दारातून होते. चाळणी त्या दारात बसते.

तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचे नाव टंकित केले की दोन गोष्टी घडतात. संगणकाला नावे कळत नाहीत, आकड्यांचे पत्ते कळतात. म्हणून तो प्रथम एका निर्देशिकेला विचारतो, "या नावाचा पत्ता काय?" ही निर्देशिका म्हणजे डीएनएस. तिची कल्पना १९८३ साली मांडली गेली. पत्ता मिळाला की मागणीचे लहान लहान तुकडे करून ते त्या पत्त्यावर रवाना होतात आणि उत्तरादाखल पान येते.

सर्वांत सोपी चाळणी पहिल्याच पायरीवर काम करते. नाव मनाईच्या यादीत असेल तर निर्देशिका पत्ताच सांगत नाही, किंवा मनाईच्या पाटीचा पत्ता देते. दुसरी चाळणी तुकड्यांवरचे पत्ते वाचते. तिसरी मजकूर वाचून त्यात नको असलेले शब्द शोधते.

पूर्वी बहुतेक पाने पोस्टकार्डासारखी येत-जात. मधला कोणीही मजकूर वाचू शके. आता बहुतेक संकेतस्थळे बंद पाकीट वापरतात. मजकूर सांकेतिक लिपीत बदलून पाठवला जातो आणि पहारेकऱ्याला फक्त पाकिटावरचा पत्ता व बहुधा संकेतस्थळाचे नाव दिसते. एखाद्या मोठ्या ज्ञानकोशातले तुम्ही कोणते पान वाचले, हे त्याला कळत नाही. ज्ञानकोश उघडला, एवढेच कळते. आतला मजकूर तपासायचाच असेल तर शाळेला आपल्या संगणकांवर स्वतःचे खास प्रमाणपत्र बसवावे लागते. मग चाळणी मध्येच पाकीट फोडते, वाचते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते.

दारूगोळ्याचे काय करायचे?

आता मुख्य प्रश्न. चाळणी शब्द वाचते, पण तिला अर्थ कळतो का?

इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचे एक शहर आहे. १९९६ साली तेथील लोकांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना. कारण काय, तर गावाच्या इंग्रजी नावातली लागोपाठची चार अक्षरे मिळून एक अभद्र शब्द होतो! चाळणीने शब्द ओळखला, गाव ओळखले नाही. तेव्हापासून अशा चुकीला त्या गावाचेच नाव पडले.

हाच प्रयोग मराठीत करून पाहा. मनाईच्या यादीत 'दारू' हा शब्द घाला. लगेच शिवकालातील दारूगोळ्याची माहिती बंद, दिवाळीच्या दारूकामाची बंद, आणि मौज अशी की दारूबंदीचा प्रचार करणारे पानही बंद! आपल्या प्रदर्शनातल्या मुलीचे बहुधा असेच झाले असावे.

तुम्ही म्हणाल, चाळणी अधिक हुशार केली की झाले. आजच्या चाळण्या खरोखरच हुशार झाल्या आहेत. पण एक हिशेब करू. समजा, एकूण १०,००० पाने आहेत. त्यांतली १०० वाईट आणि ९,९०० चांगली. चाळणी इतकी चांगली की १०० पैकी ९५ वेळा तिचा निर्णय बरोबर येतो. म्हणजे १०० वाईट पानांपैकी ९५ ती अडवील व ५ सुटतील. चांगल्या पानांपैकी मात्र शेकडा ५, म्हणजे ४९५ पाने ती चुकून अडवील. एकूण अडवलेली पाने झाली ५९०. त्यांत खरोखर वाईट किती? फक्त ९५. म्हणजे मनाईची पाटी शंभर वेळा दिसली, तर सुमारे ८४ वेळा तिच्यामागचे पान निर्दोष असेल!

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या शाळेतल्या चाळणीचे वेगळे असतील. पण त्यांतून निघणारा नियम लक्षात ठेवा. चांगल्या गोष्टी पुष्कळ आणि वाईट थोड्या असल्या की चांगल्या तपासणीतही निरपराधच अधिक सापडतात. दुर्मिळ रोगाच्या चाचणीलाही हाच हिशेब लागू पडतो.

मग निसटावे का?

पाटी खोटी ठरू लागली की तिच्यावरचा विश्वास उडतो आणि पळवाटा शोधल्या जातात. २००७ साली ऑस्ट्रेलिया सरकारने घराघरांतल्या संगणकांसाठी फुकट चाळणी देऊ केली. या चाळण्यांवरचा खर्च सुमारे ८ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता. मेलबर्नच्या १६ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ती अर्ध्या तासाहून थोड्याच अधिक वेळात निकामी करून दाखवली. विशेष म्हणजे पडद्यावरचे चाळणीचे चिन्ह तसेच राहिले. आईवडिलांना वाटावे, पहारा चालू आहे!

तेथे पहारेकरी संगणकाच्या आतच बसला होता, म्हणून त्याला झोपवता आले. शाळेत तो फाटकावर असतो, त्याला तुमच्या बाकावरून हात लावता येत नाही. मग एकच उपाय उरतो : पत्र दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात घालणे. तुम्ही शिपाईमामांना सांगता, "हे पत्र कोपऱ्यावरच्या रामभाऊंना द्या." रामभाऊ ते उघडतात, तुमच्या वतीने निषिद्ध पत्त्यावर जातात आणि उत्तर आणून तुम्हाला पाठवतात. शिपाईमामांच्या वहीत नोंद होते ती फक्त रामभाऊंची. या मध्यस्थाला प्रॉक्सी म्हणतात. व्हीपीएन हे त्याचेच मोठे भावंड. त्यात तुमची सगळीच पत्रे त्याच्या एका मोठ्या बंद पाकिटातून जातात.

पण आता विचारा : हे रामभाऊ कोण? पाने उघडून देणारे प्रॉक्सी संकेतस्थळ तुमचे पत्र स्वतः वाचून पुढे नेते. त्यामुळे त्यातून जाणारा प्रत्येक शब्द त्याच्या चालकाला दिसू शकतो, परवलीचा शब्दसुद्धा. व्हीपीएनमध्ये आतली बंद पाकिटे बंदच राहतात, तरी तुम्ही कुठे कुठे जाता हे त्याच्या चालकाला कळू शकते. शिपाईमामांना निदान तुम्ही ओळखता, त्यांच्याशी भांडू शकता. रामभाऊ कुठल्या देशात बसतात, हेही तुम्हाला ठाऊक नसते. आणि ते फुकट काम का करतात? चाळणी टाळणे म्हणजे पहारेकऱ्यापासून सुटका नव्हे, पहारेकरी बदलणे होय.

तिसरी वाट

तेव्हा काय करावे? मुकाट्याने पाटी वाचून परत फिरावे, असे मी म्हणणार नाही. तिसरी एक वाट आहे, ती म्हणजे मागणे.

अमेरिकेत २००० साली झालेल्या एका कायद्याने, इंटरनेटसाठी केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना चाळणी बसवणे बंधनकारक झाले. ग्रंथालयांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण तसे करताना, प्रौढ वाचकाने विनंती केली तर ग्रंथपाल अडवलेले पान खुले करू शकतो, ही गोष्ट न्यायमूर्तींनी महत्त्वाची मानली. म्हणजे चाळणीच्या शेजारी अर्थ समजणारा माणूस हवा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की संगणकाच्या खोलीत एक साधी वही टांगून ठेवा. अडवलेले पान, तारीख आणि ते कशासाठी हवे होते, एवढेच विद्यार्थ्याने तिच्यात लिहावे. आठवड्यातून एकदा ती वाचून योग्य ती पाने खुली करून घ्यावीत. स्तनाच्या कर्करोगावर माहिती शोधणाऱ्या मुलीला पाटीपुढे ओशाळे व्हावे लागले, ही खरी हानी आहे. तिने शिक्षकांना न विचारता अनोळखी माणसाचे दार ठोठावले, कारण विचारायला जागाच नव्हती.

करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. कालचे वर्तमानपत्र घ्या. मुलांनी वाचू नयेत अशा बातम्या ओळखू येतील, असे तुम्हाला वाटणारे दहा शब्द कागदावर लिहा. आता अर्थाकडे लक्ष न देता, त्यांतला एकही शब्द ज्या बातमीत आढळेल तिच्यावर फुली मारा. मग फुली मारलेल्या बातम्या नीट वाचा आणि दोन आकडे काढा : किती चांगल्या बातम्या उगाच अडल्या, आणि किती वाईट बातम्या निसटल्या? शब्द कमीजास्त करून दोन्ही आकडे एकदम शून्यावर आणता येतात का, ते पाहा.

मी माझ्या वर्गात हा प्रयोग केला. एक आकडा खाली आला की दुसरा वर जाई. तुमचे काय होते?