शनिवार-रविवार खैरागढला!

रायपूरकर मंडळी, शुक्रवारी एक रजा टाका आणि खैरागढ गाठा. राजनांदगावपर्यंत रेल्वे, पुढे साधारण 40 किलोमीटर रस्ता. आमनेर नदीकाठच्या या छोट्याशा गावात संगीत आणि ललित कलांचं अख्खं विद्यापीठ आहे! राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी दिवंगत लेक इंदिरा हिच्या नावानं आपला राजवाडाच त्यासाठी देऊन टाकला. 1956 साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांचे शिष्य, आपले पं. श्रीकृष्ण रातंजनकर इथे कुलगुरू होते.

शुक्रवारी जा म्हणतोय ते वर्ग चालू असताना पोचावं म्हणून. एका खोलीत तबल्याचे कायदे घोटले जात असतात, पलीकडे कुणी तोच तोच पलटा पुन्हा घेत असतं. नुसतं व्हरांड्यात उभं राहून ऐकावं. मला तर हे मैफलीहून जास्त आवडतं.

परतताना राजनांदगावचं दिग्विजय महाविद्यालय चुकवू नका. तेही जुन्या राजवाड्यातच. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून इथे शिकवायचे. शेजारीच राणीसागर तलाव आहे; तिथे संध्याकाळी निवांत बसता येतं.