हाडाच्या गाठीचा रिपोर्ट यायला एवढे दिवस का लागतात? ‘आयएचसी’ तपासणी समजून घ्या

नागपूर : काटोल, उमरेड, रामटेककडचा पेशंट हाडाची गाठ घेऊन नागपूरला जातो. तुकडा काढून तपासायला देतात, त्याला बायोप्सी म्हणतात. आठ दिवसांनी रिपोर्ट येईल या आशेवर घरचे परततात आणि मग कळते, ‘आयएचसी’ करायची आहे, आणखी थांबा. पुन्हा पैसे, पुन्हा चकरा. ‘एकदा तपासले ना, मग आता काय?’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. त्याचे उत्तर सोपे आहे.

हाड नरम करायला वेळ लागतो

तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेतात. पण हाडात कॅल्शियम असते, पाते चालत नाही. म्हणून ते आधी रसायनात ठेवून नरम करावे लागते. यातच काही दिवस जातात. घाई करून कडक अॅसिड वापरले तर पुढच्या तपासणीला लागणारे प्रोटीनच खराब होऊ शकते.

हाडातले प्रोटीन म्हणजे काय?

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. स्लॅबमध्ये सळाख असते तशी हाडात कोलॅजन या प्रोटीनची जाळी असते आणि तिच्यावर कॅल्शियमचे खडे बसतात. त्याच मसाल्यात ‘ऑस्टिओकॅल्सिन’ नावाचे छोटे प्रोटीन असते. ते मुख्यतः हाड बनवणाऱ्या पेशी तयार करतात. म्हणजे ते जिथे सापडले तिथे हाड बनवणारी पेशी आहे, असा अंदाज बांधता येतो.

अँटीबॉडी ते कसे शोधते?

साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात, ते घोड्यापासून बनते हे अनेकांना माहीत आहे. घोड्याला थोडे थोडे विष देतात. त्याचे शरीर त्या विषाला पकडणारे पदार्थ तयार करते. त्या पदार्थांनाच अँटीबॉडी म्हणतात. प्रयोगशाळेतही तत्त्व तेच. उंदीर किंवा सशाला ऑस्टिओकॅल्सिन टोचून फक्त त्यालाच धरणारी अँटीबॉडी मिळवतात. एकाच जातीची अशी अँटीबॉडी पाहिजे तितकी बनवायची पद्धत कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये शोधली. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले.

ही अँटीबॉडी कापावर टाकतात. प्रोटीन असेल तिथे ती चिकटते, नसेल तिथून धुऊन जाते. मग रंग देणारे रसायन टाकले की चिकटलेली जागा तपकिरी दिसते. सोबत ज्यात हे प्रोटीन नक्की आहे असा दुसरा कापही रंगवतात. त्यावर रंग आला नाही तर तपासणीच फसली असे समजून ती पुन्हा करतात.

याची गरज कधी पडते?

नेहमीच्या रंगात हाडाचा कच्चा मसाला गुलाबी दिसतो आणि साधा तंतूही गुलाबीच दिसतो. काही गाठींच्या पेशी तर एकमेकींसारख्याच असतात. ऑस्टिओसार्कोमा आणि युविंग सार्कोमा हे दोन्ही हाडाचे कर्करोग, पण त्यांची औषधे वेगळी. ओळख चुकली तर इलाज चुकतो.

मात्र तपकिरी रंग आला म्हणजे कर्करोग, असे मुळीच नाही. चांगल्या हाडातही हे प्रोटीन असते. शिवाय काही ऑस्टिओसार्कोमात ते दिसतही नाही. म्हणून डॉक्टर एकट्या ऑस्टिओकॅल्सिनवर भिस्त ठेवत नाहीत. दुसऱ्या अँटीबॉडी, पेशींचा आकार, एक्स-रे आणि एमआरआय हे सगळे जुळवूनच निदान करतात. हेच प्रोटीन रक्तातही मोजता येते, पण त्यावरून गाठ कसली हे ठरत नाही. ती तपासणी मनाने करून पैसे घालवू नका.

घरच्यांनी काय करावे?

ऑस्टिओसार्कोमा जास्त करून १० ते २० वर्षांच्या पोरापोरींना, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो. खेळताना लागले असेल म्हणून महिना-महिना तेल लावून चोळत बसू नका. दुखणे दोन-तीन आठवडे थांबत नसेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा सूज वाढत असेल, तर आधी एक्स-रे काढा.

गाठ संशयाची निघाली तर जिथे पुढे ऑपरेशन होईल त्याच मोठ्या दवाखान्यात बायोप्सी करा. मेडिकल, एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल अशी ठिकाणे नागपुरातच आहेत. भलत्या जागी चीर पडली तर पाय वाचवायचे ऑपरेशन अवघड होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि दुसऱ्या दवाखान्यात जाताना नुसता कागद नेऊ नका. मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्याच ब्लॉकवर पुन्हा तपासणी होऊ शकते, लेकराला परत सुई टोचावी लागेलच असे नाही.