चेक धारकाचा हक्क आणि आमची बेफिकिरी

सोलापुरांतील चादरी व टॉवेल यांचा व्यापार रोखीवर थोडा आणि उधारीवर फार चालतो. माल परगांवीं जातो आणि हातीं येतो तो पुढील तारखेचा चेक. तो वटला तर सुताचें बिल व विणकरांची मजुरी भागते. न वटला तर माग थांबतो. अशा वेळीं आमचे पुष्कळ व्यापारी ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ या गोड शब्दावर विसंबतात आणि कायद्यानें दिलेला हक्क आपल्याच हातांनीं गमावतात.

वस्तुतः हा विषय आमच्या पेढ्यांस नवा नव्हे. शहाजोग हुंडीचे पैसे देणाऱ्यानें ती आणणारा इसम पतदार शहा आहे कीं नाहीं, याची खात्री करून घ्यावी, हा जुना रिवाज होय. १८८१ सालीं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट झाला, तेव्हां देशी भाषांतील हुंड्यांचे रिवाज पहिल्याच कलमानें राखून ठेवावे लागले. परक्या सरकारासही आमच्या बाजारपेठेची रीत मोडवली नाहीं!

तोच कायदा सांगतो कीं, ज्यानें मोबदला देऊन, मुदतीपूर्वीं आणि संशयास कारण नसतां कागद घेतला, त्याचा हक्क मूळ देणाऱ्याच्या हक्कांतील दोषानें बाधित होत नाहीं. मात्र आडव्या रेघा मारून चेकवर ‘नॉट निगोशिएबल’ लिहिलेलें असल्यास हें संरक्षण मिळत नाहीं. म्हणून दुसऱ्याचा चेक स्वीकारतांना तो आधीं नीट वाचावा.

१ एप्रिल १९८९ पासून, खात्यांत पुरेशी रक्कम नसल्यामुळें कायदेशीर देण्याचा चेक न वटणें हा कलम १३८ अन्वयें गुन्हा झाला. आज त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण कायदा जागृतांचा कैवारी आहे. चेक तीन महिन्यांच्या आंत बँकेंत भरावा. तो परत आल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती पोंचल्यावर १५ दिवसांत पैसे न आले, तर पुढील एक महिन्यांत फिर्याद करावी. फिर्यादीचा विलंब सबळ कारण दाखविल्यास कोर्ट माफ करूं शकतें. नोटिशीच्या विलंबास अशी माफी नाहीं.

२०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानें धारकास चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गांवीं धांवावें लागे. २०१५ च्या दुरुस्तीनें ती यातायात संपली. ज्याचें खातें सोलापुरांत, त्यानें त्यांत भरलेल्या चेकची फिर्याद सोलापुरांतच चालते.

उलट बाजूही सांगणें प्राप्त आहे. अडलेला विणकर सही केलेला कोरा चेक सावकाराच्या हवालीं करतो. चेक देण्यापोटींच दिला, असें कोर्ट प्रथम गृहीत धरतें. तें खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. तेव्हां घेणाऱ्यानें तारीख विसरूं नये आणि देणाऱ्यानें कोऱ्या कागदावर सही करूं नये. हीं दोन पथ्यें पाळलीं तरी आमच्या पेठेंतील निम्मे तंटे कोर्टाची पायरी चढण्यापूर्वींच मिटतील, अशी आमची खात्री आहे.