पाण्यावरची तपासणी



आमच्या जळगावात मेहरूणचे नाव निघाले की कोणास तेथील बोरे आठवतात, कोणास गणेशविसर्जन, तर कोणास तलावाच्या काठी गळ टाकून निश्चल बसलेला मनुष्य. त्याच्या शांततेचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे. काठावर बसला आहे तोवर त्याला फार तर पाय घसरण्याचे भय. परंतु मोठ्या मासळीच्या ओढीने तोच मनुष्य एखाद्या धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात होडी घालतो, तेव्हा त्याची गणना नाविकांत होऊ लागते व नाविकांचे नियम त्यास लागू होतात. हे नियम कोणते आणि त्यांची तपासणी पाण्यावरच का व्हावी, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

गळाने मासे धरणाऱ्याची होडी बहुधा लहान असते. माणसे खाली बसलेली असतात म्हणूनच ती स्थिर राहते. मासा लागताच मनुष्य हर्षाने उभा राहतो, एका बाजूस झुकतो, आणि होडीचा तोल जातो. त्यात वारा सुटला तर पाहावयासच नको. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. त्यांतील एकटा पोहून काठास लागला, सहा जण बुडाले. वैशाखातील वळवाचा वारा कसा अकस्मात उठतो, हे आम्हा खानदेशवासीयांस वेगळे सांगावयास नको.

अशा वेळी उपयोगी पडते ते जीवरक्षक जाकीट. पाण्यात बुडालेल्या देहाचा भार पाणी जवळजवळ सगळाच पेलते; परंतु श्वासासाठी डोके बाहेर काढले की त्या डोक्याचा चार-पाच किलोंचा भार पाणी पेलीत नाही. तेवढी उचल जाकिटाने द्यावयाची असते. चांगल्या जाकिटावर ५०, १०० वा १५० असा आकडा न्यूटन या मापात छापलेला असतो. १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो भार उचलण्याची शक्ती. ५० चे जाकीट काठाजवळ पोहणाऱ्यास साह्य करण्यापुरते. १०० व त्याहून अधिक शक्तीची जाकिटे माणसास उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवावे, अशा बेताने रचलेली असतात. मात्र हे सारे जाकीट अंगात असेल आणि त्याचे पट्टे आवळलेले असतील तरच. बुडत असता तरंगते जाकीट धरून ते अंगात घालणे चांगल्या पोहणाऱ्यासही कठीण जाते.

आता कायद्याकडे वळू. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने घेतली व तो २०२२ च्या जून महिन्यात अंमलात आला. यंत्राने चालणाऱ्या नौकेस त्यान्वये नोंदणी व पाहणीचे प्रमाणपत्र लागते, आणि जीवरक्षक व अग्निशामक साधने ठेवावी लागतात. वल्ह्याने चालणाऱ्या साध्या होड्यांचाही त्यात विचार केलेला असून, त्यांची नोंद स्थानिक संस्थांमार्फत व्हावी अशी योजना आहे. कायद्यापलीकडे शहाणपण सांगते ते असे: माणशी एक, ज्याच्या त्याच्या मापाचे जाकीट, दोरी बांधलेले, फेकता येईल असे तरते कडे, एक शिटी, तिन्हीसांजेनंतर दिवा, एक जादा वल्हे, आणि पाणी उपसावयास एक भांडे. होडीत किती माणसे बसावीत हा आकडा तिच्या अंगावर रंगविलेला असावा. इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या चळवळीमुळे १८७६ साली जहाजांवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले, त्यामागे हाच विचार होता.

परंतु नियम लिहिणे सोपे. शाळेत तपासनीस येणार अशी वर्दी आली की फळे स्वच्छ होतात, हजेरीपट नीट लावले जातात. खरी शाळा पाहावयाची तर न कळविता यावे लागते. होडीचेही तसेच आहे. काठावरची तपासणी साधने आहेत की नाहीत एवढेच सांगते. ती वापरात आहेत की नाहीत, हे पाण्यावर गेल्यावाचून कळत नाही. अमेरिकेत तटरक्षक दलाचे लोक हौशी मासेमाऱ्यांच्याही होड्या पाण्यावर थांबवून माणसे मोजतात आणि जाकिटे मोजतात. शिवण उसवली आहे काय, कडी नीट बसते काय, आतील फेस दबून गेला आहे काय, हे पाहिले जाते. गंभीर उणीव आढळली तर होडी काठास परत पाठविली जाते. आपल्या जलाशयांवर अशी तपासणी नियमाने होऊ लागेल, तर कोणी तिला जाच समजू नये.

याविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीत असताना एकदा मी सहलीची मुले घेऊन एका जलाशयात होडीने फिरलो. जाकिटे होती, पण बाके ओली होती, म्हणून आम्ही ती अंगाखाली घेऊन बसलो. सुखरूप परतलो आणि सहल उत्तम झाली असे मी समजत राहिलो. पुढे १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली. बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. होडीत माणसे प्रमाणाबाहेर होती आणि पुष्कळांच्या अंगात जाकीट नव्हते. ते वृत्त वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आमचे रक्षण माझ्या दक्षतेने झाले नव्हते. त्या दिवशी वारा पडलेला होता, इतकेच.

म्हणून माझी विनंती घरातील मंडळींस आहे. रविवारी पहाटे कोणी गळ घेऊन निघाला की आपण त्यास डबा घेतला का, पाणी घेतले का, असे विचारतो. त्यासोबत जाकीट घेतले का, आणि ते होडीत पाय ठेवण्यापूर्वी अंगात घालणार ना, हेही विचारावे. सरकारी तपासनीस तळ्यावर येईल तेव्हा येईल. घरच्या तपासनीसाने आजपासून उंबरठ्यावर उभे राहावे.