दाखला नको, आधार द्या!

पहिली-दुसरीतले पोर वर्गात एका जागी बसत नाही, शेजारच्याला ढकलते, बाईंनी हटकले की बाकाखाली जाऊन बसते. आठवड्यातून दोनदा घरी निरोप येतो. बाप बिगारी कामावर असेल तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आई चार घरची धुणीभांडी करीत असेल तर तिला मालकिणीची बोलणी खावी लागतात. आणि शाळेत गेल्यावर ऐकायला काय मिळते? "तुमच्या मुलाला वळण नाही. दाखला काढून न्या!" आमचे पालक मान खाली घालून दाखला काढून नेतात. दुसरी शाळा, पुन्हा तीच तक्रार, पुन्हा तोच दाखला. अखेर ते मूल शाळेबाहेर पडते आणि सरकारी कागदावर त्याची नोंद 'गळती' अशी होते. आम्ही तिला हकालपट्टी म्हणतो.

आमच्या किती पालकांना ठाऊक आहे की, असा दाखला हातात देण्याचा अधिकारच शाळेला नाही? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ साली या कलमात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली. परंतु काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी केली आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्याबाहेर गेल्या. बाकी खासगी शाळांना, २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश देणाऱ्यांनाही, तो बंधनकारक आहे.

परंतु केवळ कायदा दाखवून मूल शांत बसणार नाही. ते असे का वागते, हे शोधावे लागेल. एखाद्याला नीट ऐकू येत नाही, एखाद्याला फळा दिसत नाही. कुणाची घरची बोली वेगळी, शाळेची भाषा वेगळी. कुणाच्या घरात रोज रात्री दारूपायी मारहाण, मग सकाळी वर्गात लक्ष कसे लागावे? आणि काही मुलांना अतिचंचलता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असते. हा संस्काराचा दोष नाही, आईच्या लाडाचा परिणाम नाही आणि जातीचा गुण तर मुळीच नाही! श्रीमंताचे पोर असे वागले की त्याला समुपदेशक मिळतो. झोपडपट्टीतले पोर वागले की 'या वस्तीतली पोरे अशीच' असा शेरा मिळतो. बाबासाहेबांना सातारच्या शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. ते अस्पृश्यतेचे क्रौर्य होते आणि आजच्या वर्गातली गोष्ट तीच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण लहान मुलाला रोज वर्गाबाहेर बसवले की त्याच्या मनावर काय कोरले जाते, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

दुसरीकडे आमच्याही घरात काय चालते? शाळेतून तक्रार आली की पट्टा निघतो. तेवढ्याने भागले नाही तर देवऋषी, उतारा, गंडा-दोरा. माराने भीती वाढते, अंगाऱ्याने वर्षे वाया जातात. 'दवाखान्यात नेले तर वेड्याचा शिक्का बसेल' ही भीतीही सोडली पाहिजे. तपासणी न करता बसलेला 'वाया गेलेला' हा शिक्का त्याहून वाईट!

मग करावे काय? पहिली गोष्ट, एक वही घालावी. मूल केव्हा चिडले, त्याआधी काय घडले, नंतर काय झाले, ते रोज दोन ओळींत लिहावे. अतिचंचलतेचे निदान करताना लक्षणे निदान सहा महिने आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे डॉक्टर पाहतात. तेथे ही वही कामी येते.

दुसरी गोष्ट तपासणीची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. पथक आले की मुलाची अडचण मुद्दाम सांगावी. विनाअनुदानित शाळेत हे पथक येत नाही. तेथील पालकांनी स्वतः जिल्हा रुग्णालय गाठावे आणि कान, डोळे व वर्तन तिन्ही तपासून घ्यावे. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्थान आहे. त्यानुसार शाळेला अध्यापनात बदल करावाच लागतो.

तिसरी गोष्ट, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढच्या बाकावर जागा, काम थोडे थोडे करून देणे, मधून उठण्याची मुभा आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाची भेट एवढे मागावे. दाद न लागल्यास गटशिक्षणाधिकारी, नंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

शिक्षकांना शत्रू मानून मात्र चालणार नाही. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात एकटी बाई काय काय करणार? ज्या मुलाला ढकलले, त्याच्या आईची तक्रारही खोटी नसते. म्हणून भांडायचे ते आणखी शिक्षकांसाठी, समुपदेशकासाठी.

आणि हे काम एकट्या आईवर सोडू नये. तहसील कचेरीवर निवेदन कसे द्यावे, हे आमच्या कार्यकर्त्यांना शिकवावे लागत नाही. तोच कार्यकर्ता वस्तीतल्या एका आईसोबत शाळेत का जाऊ नये? विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. त्या खुर्च्यांवर आमच्या किती माता बसल्या आहेत?

जयंतीची वर्गणी गोळा करताना आमची मुले दारोदार फिरतात. त्यांनी त्याच फेरीत प्रत्येक घरी विचारावे, 'तुमच्या मुलाचे नाव अजून हजेरीपटावर आहे ना?' जेथे उत्तर नकारार्थी येईल, तेथे दुसऱ्याच दिवशी चार जणांनी त्या पालकांना घेऊन शाळेत जावे.