कोंबड्यांचा इन्फ्लुएन्झा आणि लसीचा प्रश्न

२०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुने तपासले असता त्यांत एच-५ एन-१ हा विषाणू आढळला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात किवळा येथे कोंबड्यांतही हा रोग सिद्ध झाला. महाराष्ट्रास या रोगाचा परिचय २००६ मध्ये नवापूरच्या साथीने झाला. तेव्हापासून मुख्य उपाय एकच : बाधित परिसरातील पक्षी मारून पुरणे. असे असता लसच का टोचू नये, हा पशुपालकाचा प्रश्न रास्त होय.

लस तयार करणे आता तितकेसे दुष्कर राहिलेले नाही. या विषाणूच्या पृष्ठभागावर हीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. त्याचा विशिष्ट ठिकाणी छेद झाल्यावाचून विषाणू संसर्गक्षम होत नाही. घातक प्रकारांत या ठिकाणी अल्कधर्मी अमिनो आम्लांची रांग असते. त्यामुळे शरीरातील बहुतेक पेशींत हा छेद होऊ शकतो व रोग सर्वांगात पसरतो. प्रयोगशाळेत जनुकातून ही रांग वगळतात, सौम्य झालेला विषाणू गर्भयुक्त अंड्यांत वाढवितात आणि रसायनाने निष्क्रिय करून त्याची लस बनवितात. सौम्य अशा एच-९ एन-२ प्रकारावरील निष्क्रिय लस भोपाळच्याच संस्थेने सिद्ध केली असून तिचे तंत्र २०२२ मध्ये उत्पादकांस देण्यात आले.

खरी अडचण पुढेच आहे. लसीने मृत्यू टळतात व विषाणूचे उत्सर्जन घटते; परंतु संसर्ग पूर्णपणे थांबतोच असे नाही. उदगीरला कावळ्यांच्या मृत्यूने धोका उघड झाला. लस टोचलेल्या कळपात अशी सूचना मिळत नाही आणि विषाणू गुप्तपणे फिरू शकतो. यास्तव केवळ हीमॅग्लुटिनिनचे जनुक टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूत बसवून लस करतात. तिच्यामुळे या एकाच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. विषाणूच्या अंतर्गत प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्यास प्रत्यक्ष संसर्ग झाला, असे समजावे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देताना तपासणीही सक्तीची केली.

मराठवाड्यात मात्र परसातील दहा-वीस गावरान कोंबड्यांचे रक्त वारंवार कोणी तपासावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याची सोय झाल्यावाचून लस टोचल्यास कोंबडी वाचेल, पण तिला हाताळणाऱ्या घरास धोक्याची चाहूल लागणार नाही.